झिजलेला स्पॉयलर आणि रफूचा हिशेब

आमचा धंदा कापडाचा. मोटारीच्या कारभारात आम्ही अडाणी आहोत, हे आधीच कबूल केलेले बरे. पण व्यापारी माणसाला एक सवय असते. कुठल्याही वस्तूचा भाव कानावर पडला की त्यात माल किती, मजुरी किती आणि नुसत्या नावाची किंमत किती, याचा हिशेब तो मनात मांडू लागतो. मागच्या उन्हाळ्यात असाच एक हिशेब मांडायची वेळ आली. त्यातून जे कळले ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या कामाचे आहे, असे वाटल्याने हा लेख लिहीत आहे.

आमची गाडी 2012 सालची, साधी हॅचबॅक. राहणे कोपरखैरण्यात, दुकान वाशीला आणि आठवड्यातून दोन खेपा भिवंडीला. महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास असा रस्ता. गाडीच्या मागच्या काचेवर, छताच्या टोकाला जी पट्टी असते तिला स्पॉयलर म्हणतात. आमच्या स्पॉयलरचा रंग पापडासारखा सुटला होता. एका कोपऱ्याला तडा गेला होता आणि गाडीने वेग घेतला की ती पट्टी थरथरायची. एका सर्व्हिस सेंटरात दाखवले. तिथल्या तरुणाने संगणकावर बोट फिरवले आणि आकडा सांगितला : सुटा भाग, रंग, मजुरी आणि कर मिळून 11,400 रुपये. "दुरुस्त होणार नाही का?" असे विचारले, तर म्हणाला, "अंकल, रिपेअर आम्ही करत नाही, बदलतो."

हे उत्तर आम्हाला खटकले. कापडाच्या बाजारात वाढलेल्या माणसाला ते खटकणारच. आमच्याकडे शालीला भोक पडले म्हणून कोणी शाल फेकत नाही, रफूगराकडे नेतो. उत्तर प्रदेशातील नजीबाबादचे रफूगर देशभर फिरून पश्मिना शालींना असे रफू करत आले की उलटसुलट पाहूनही जोड सापडू नये. मग एका प्लास्टिकच्या पट्टीला रफू का नसावे?

ही पट्टी करते काय?

आधी वस्तूची गरज तपासावी, मग किंमत. गाडी धावते तेव्हा हवा छतावरून सरकत मागच्या टोकाला येते आणि तिथे भोवरे तयार होतात. ते भोवरे गाडीला मागे ओढतात, मागच्या काचेवर धूळ आणि चिखल आणून टाकतात. छताच्या टोकाची पट्टी हवेला जरा लांबवर सोडते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट. त्यामुळे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या गर्दीत ही पट्टी असली काय आणि नसली काय, पेट्रोलच्या खर्चात फरक जाणवणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर, जिथे ताशी 100 किलोमीटरची परवानगी आहे, तिथे तिचे थोडेफार काम असते.

मग बिघडलेली पट्टी तशीच ठेवावी का? नाही. एकतर याच पट्टीत बऱ्याच गाड्यांचा वरचा ब्रेक दिवा असतो आणि काहींमध्ये मागच्या काचेवर पाणी मारणारी नळीही त्यातूनच जाते. दुसरे, पट्टीचे बोल्ट डिक्कीच्या पत्र्याला भोक पाडून बसवलेले असतात. पट्टी सैल झाली की त्या भोकातून पावसाचे पाणी आत उतरते आणि पत्रा आतून गंजतो. आपल्या नवी मुंबईत एका बाजूला खाडीची खारी हवा आणि वर चार महिन्यांचा पाऊस. गंजाला आणखी काय हवे? तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. भर वेगात ही पट्टी सुटून उडाली तर मागून येणाऱ्याच्या काचेवर किंवा अंगावर जाईल. म्हणजे थरथरणारी पट्टी ही शोभेची बाब राहत नाही, दुसऱ्याच्या जिवाची बाब होते.

मिस्त्रींची शाळा

आम्ही आमच्या ओळखीच्या डेंटर-पेंटर मिस्त्रींकडे गेलो. तुर्भ्याच्या बाजूला छोटा गाळा, एक कंप्रेसर आणि दोन पोरे. मिस्त्रींनी डिक्की उघडून आतले नट सोडवले, पट्टी खाली काढली, उलटी केली आणि आतल्या बाजूचा शिक्का दाखवला. तिथे इंग्रजीत एबीएस अशी तीन अक्षरे होती. "सेठ, हा माल जुडतो," ते म्हणाले.

त्यांनी जे समजावले ते कापडवाल्याला चटकन कळण्यासारखे होते. सुती कापडाला एक रंग चालतो, पॉलिस्टरला दुसरा, तसेच प्लास्टिकचे असते. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते. म्हणून एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये भिजवून जी लापशी होते ती तड्यात भरली की प्लास्टिक प्लास्टिकला धरते. मागून जाळीचा तुकडा दाबून बसवला की जोड पक्का होतो. बंपरवर मात्र बहुधा पीपी असे लिहिलेले असते. त्याला ॲसिटोन लागत नाही, ते गरम करून वेल्ड करावे लागते. बाजारात जे फायबरचे स्पॉयलर मिळतात त्यांचा प्रकार तिसरा. काचेच्या धाग्याची चटई आणि रेझिन यांचे ते थर असतात. ते जड असतात, कडक असतात आणि साचा बरोबर नसेल तर गाडीवर फट राहते. म्हणून पहिला नियम : आतला शिक्का वाचल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नये आणि गिऱ्हाइकाने शिक्का पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये.

रंग सुटण्याचे कारणही त्यांनी सांगितले. वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो उन्हातील अतिनील किरणांनी वाळून फुटतो. छताच्या टोकाची ही पट्टी दिवसभर उन्हाकडे तोंड करून असते, म्हणून तिचा नंबर आधी लागतो. त्यावर नुसता नवा रंग मारला तर तोही सहा महिन्यांत उडेल. जुना थर घासपेपरने पूर्ण काढणे, मग प्लास्टिकचा प्रायमर, मग गाडीच्या पट्टीवरील रंगाच्या क्रमांकानुसार रंग आणि शेवटी हार्डनर घातलेला क्लिअर कोट, असा क्रम आहे. घाईघाईत प्रायमर गाळणारा मिस्त्री म्हणजे कच्च्या रंगाचे कापड पक्के म्हणून विकणारा दुकानदार. पहिल्या धुण्यात पोल उघडी पडते. रंग सुकवण्यासाठी भट्टीत ठेवताना 60 अंशांच्या फार वर जाऊ नये, नाहीतर प्लास्टिक वाकडे होते.

पुन्हा बसवण्यातही कसब आहे. जुनी दुहेरी चिकटपट्टी खरवडून, पत्रा अल्कोहोलने पुसून नवी, मोटारीसाठीचीच चिकटपट्टी लावावी. बोल्टखाली रबरी वायसर नवा घालावा. भोकाभोवती सिलिकॉन लावताना आंबट, सिरक्यासारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये, ते पत्रा खाते. बिनवासाचे न्यूट्रल सिलिकॉन घ्यावे. बोल्ट अतिताणाने आवळू नयेत, कारण पहिला तडा बहुतेक वेळा तिथूनच जातो. नंतर किमान एक दिवस गाडी धुऊ नये. हे सारे काम पावसाआधी, मे महिन्यातच उरकावे, कारण ओल्या हवेत रंगही धरत नाही आणि चिकटपट्टीही.

आमचे एकूण बिल झाले 2,300 रुपये. यात मिस्त्रींनी दोन दिवस राबून केलेल्या कामाचा मोबदला आला. पावसाळा एक गेला, पट्टी जागची हललेली नाही.

दुरुस्त होत नसेल तर?

काही वेळा पट्टी इतकी फुटलेली असते की रफू चालत नाही, नवे ठिगळच लावावे लागते. तेव्हा तीन वाटा आहेत. पहिली, कंपनीचा नवा भाग, पण बिनरंगाचा घेऊन रंग बाहेर करून घेणे. दुसरी, ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा तशाच दुकानात मिळणारा, इतर कारखान्यांनी बनवलेला भाग. तिसरी, कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून मोडीत निघालेल्या गाडीचा मूळ भाग. नशिबाने आपल्याच रंगाच्या गाडीचा मिळाला तर रंगाचाही खर्च वाचतो. नवा भाग घेताना कर लक्षात ठेवावा. 22 सप्टेंबर 2025 पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे. त्याआधी त्यातील बहुतेकांवर तो 28 टक्के होता. जुन्या दराने बिल फाडणाऱ्याला हे दाखवून द्यावे.

पुष्कळजण विचारतात, विम्यातून का घेऊ नये? याचाही हिशेब करू. एक तर झीज विम्यात बसतच नाही, अपघाताचे नुकसानच बसते. आणि अपघात झालाच, तरी साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर 30 टक्के. समजा भाग 6,000 रुपयांचा आहे. त्यातले 3,000 उरले. त्यातून लहान गाडीसाठी सक्तीचे 1,000 रुपये आपल्या माथी. हाती आले 2,000. आणि एवढ्यासाठी आपला नो क्लेम बोनस गेला, जो पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत पोहोचतो. दोन हजारांसाठी पुढच्या प्रीमियमची सवलत घालवणे हा कुठल्या दुकानदाराचा व्यवहार आहे?

कायद्याचीही एक गोष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. झिजलेल्या पट्टीच्या जागी तशीच पट्टी बसवणे ही दुरुस्ती झाली. विमानाच्या पंखासारखे उंच फळकूट डिक्कीवर ठोकणे हा बदल झाला. पोरांना हा फरक समजावून सांगावा आणि असे फळकूट बसवून देणाऱ्या मिस्त्रींनीही गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

गोष्ट एका पट्टीची नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अकरा हजार आणि तेवीसशे यांच्यामधला जो फरक आहे, त्यावर आपल्या हजारो कारागिरांची चूल पेटते. डेंटर, पेंटर, वेल्डर, सीट शिवणारा, भंगारवाला या धंद्यांत आपल्या लोकांची संख्या मोठी आहे, हे मुंबईचा कुठलाही बाजार फिरून पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. या चुलीवर दोन बाजूंनी पाणी पडते आहे.

पहिली बाजू मोठ्या कंपन्यांची. भाग उघड्या बाजारात द्यायचा नाही, दुरुस्तीची माहिती व यंत्रे बाहेरच्या मिस्त्रीला द्यायची नाहीत आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली असा धाक घालायचा. या तक्रारींची दखल भारतीय स्पर्धा आयोगाने घेतली होती. 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळावेत, स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना माहिती व साधने मिळावीत आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे आयोगाने बजावले. कंपन्या वरच्या दरबारी गेल्या. पुढे जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022 रोजी त्याचे पोर्टल सुरू झाले. त्यात ठरवलेल्या चार क्षेत्रांत मोटारीही आहेत. म्हणजे आपला मिस्त्री ज्या गोष्टीसाठी हात जोडत होता, ती आता हक्काच्या भाषेत बोलली जाऊ लागली आहे. आपल्या किती गाळ्यांत याची वार्ता पोहोचली?

दुसरी बाजू आपलीच आहे आणि ती सांगताना मन दुखते. मेरठच्या सोतीगंजचे नाव ऐकले असेल. जुन्या गाड्यांच्या भागांचा देशातील एक नामांकित बाजार. चोरीच्या गाड्या तिथे मोडल्या जातात या आरोपावरून 2021 मध्ये पोलिसांनी मोठी कारवाई केली आणि त्या डिसेंबरात बाजाराची शटरे खाली आली. चोरीचा माल घेणारे गुंतले हे ठीक. पण शेजारचा जो सरळमार्गी दुकानदार होता, त्याच्याकडे आपला माल कुठून आला हे दाखवायला कागद होता का? कागद नसेल तर सचोटी फक्त आपल्या मनाला ठाऊक असते, पंचनाम्याला नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 317 चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला लागते. माल कुठून घेतला हे सांगता येत नसेल, तर जाणून घेतला की न जाणता, हा वाद आपल्यालाच लढावा लागतो.

तसेच लोकल भागावर कंपनीचे स्टिकर चिकटवून तो 'ओरिजिनल' म्हणून खपवणे. काहीजण याला धंद्याची चलाखी समजतात. ट्रेडमार्क कायदा 1999 नुसार यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो. आमच्या बाजारात सेकंड्सचा माल सेकंड्स सांगून विकतात आणि त्याला गिऱ्हाईक मिळतेच. मग लोकल भाग लोकल म्हणून का विकू नये? दोष सांगून विकलेल्या मालाचा पैसा कमी मिळतो, पण त्यात बरकत असते आणि गिऱ्हाईक परत येते.

कारागीर बांधवांना चार सूचना

एक, प्रत्येक कामाची पावती द्या. त्यावर गाडीचा क्रमांक, भाग नवा की जुना, कंपनीचा की लोकल, हे लिहा. मोडीतला भाग घेताना विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि गाडी मोडीत निघाल्याचा कागद यांची प्रत ठेवा. 2021 च्या नियमांनुसार आता नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रे उभी राहत आहेत. तिथून घेतलेल्या भागाला कागद असतो.

दोन, कामाची हमी द्या. तीन महिन्यांची का होईना, पण लेखी. सर्व्हिस सेंटर जे अकरा हजार घेते त्यात निम्मी किंमत विश्वासाची असते. तो विश्वास तुम्ही एका कागदावर देऊ शकता.

तीन, माल ओळखायला शिका. एबीएस, पीपी, फायबर यांचा फरक ज्याला कळतो, तो मिस्त्री उद्याही लागणार. गाड्या विजेवर चालू लागल्या तरी बंपर फुटणारच आहेत आणि स्पॉयलरचा रंग उन्हात उडणारच आहे.

चार, जीव सांभाळा. क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. फवारणीत ते फुप्फुसात जाऊन दम्याचा विकार जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधल्याने ते अडत नाही. त्यासाठी योग्य फिल्टरचा मुखवटा, उघडी खेळती हवा आणि हातमोजे लागतात. फायबर घासतानाची धूळही तशीच घातक. आमच्या मिस्त्रींना बोलता बोलता खोकल्याची उबळ आली, तेव्हा त्यांनी हसून म्हटले, "सेठ, रंगाचा धंदा आहे." आम्हाला ते हसू आवडले नाही. बिलाच्या पैशांबरोबर एक मुखवटा घेऊन दिला. तो ते वापरतात की खिळ्याला टांगून ठेवतात, हे पाहायला अधूनमधून गाळ्यावर चक्कर मारतो.

आणि शेवटची विनंती आपल्यासारख्या गिऱ्हाइकांना. घासाघीस जरूर करा, व्यापाऱ्याला ती कोण शिकवणार? पण मिस्त्रीच्या मजुरीत दोनशे रुपये कापून घेऊन तेच दोनशे मॉलच्या पार्किंगमध्ये मुकाट्याने मोजू नका. मिस्त्रींचा मुलगा बारावी झाला आहे. या धंद्यात यायला तो तयार नाही, इथे ना इज्जत ना पैसा असे म्हणतो. त्याचे चूक आहे असे आम्हाला छातीठोकपणे सांगता आले नाही. पण त्याच्या वडिलांच्या हातचा जोड आम्ही बोट फिरवून पाहिला आहे. तो सापडत नाही. अशा हातांना काम मिळत राहावे, पावतीनिशी आणि रास्त दामात, एवढे तरी आपल्या हाती आहे.